कागदी विमान: पंख रुंद केले तर लांब जातं की जवळ पडतं?

आंबटचुका

मंडळी, घरात दोन तट पडलेत, मदत करा.

लेक सातवीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय घेतला, 'पंखांची रुंदी आणि कागदी विमानाने कापलेलं अंतर'. मी मनात म्हटलं सुटलो, यंदा ज्वालामुखी नाही, थर्माकोल नाही, व्हिनेगरचा वास नाही. कागदाचं एक रिम आणि मोजपट्टी, बस्स.

विमान आपलं नेहमीचंच टोकदार. कागद उभा दुमडायचा, वरचे दोन्ही कोपरे मधल्या रेषेला आणायचे, मग तिरक्या कडा परत एकदा मधल्या रेषेला, मग मिटवून दोन्ही बाजूंना पंख पाडायचे. ए-फोर, ८० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम), सगळे कागद एकाच रिममधले. फरक फक्त शेवटच्या घडीत. एकाचे पंख प्रत्येकी ८.५ सेंमी, दुसऱ्याचे ६.५, तिसऱ्याचे ४.५. घरात त्यांची नावं पडली थोरलं, मधलं आणि धाकटं.

सोसायटीच्या हॉलमध्ये पंखे बंद करून लेकीने प्रत्येकी दहा फेकी केल्या. सरासरी अशी: थोरलं ७.२ मीटर, मधलं ६.४, धाकटं ३.९. म्हणजे पंख रुंद तर अंतर जास्त. तक्ता, आलेख, सगळं छान रंगवून झालं.

आणि रविवारी तिचा मामा आला. हा प्राणी क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट कीपरच्या ग्लोव्हजमध्ये चेंडू देणारा. त्याने तीच विमानं, त्याच हॉलमध्ये फेकली. थोरलं ४.१, मधलं ९.८, धाकटं ८.६! थोरलं तर दोनदा गोल फिरून त्याच्याच पायाशी आलं.

आता लेक म्हणते मामाने वाट्टेल तसं फेकलं, त्याचं धरू नका. मामा म्हणतो तुला फेकताच येत नाही. बाईंनी सांगितलंय की निष्कर्ष एका वाक्यात लिहायचा. तर ते एक वाक्य कोणतं?

शेंगदाणा

पंख मोठा, हवा जास्त धरणार, लांब जाणार. मामाला चहा देऊन वाटेला लावा. विषय संपला.

उंटावरचा

विषय संपला कसा? मामाच्या बाजूने एक साक्ष घ्या. अंतराचा एक गाजलेला विक्रम ८८.३१८ मीटर, २ डिसेंबर २०२२, अमेरिकेत इंडियाना राज्यात. डिलन रूबल आणि गॅरेट जेन्सन ही एरोस्पेस इंजिनिअर मंडळी. त्यांचं विमान बघितलंत तर भाल्याच्या पात्यासारखं आहे, निमुळतं. ध्वनीच्या कितीतरी पट वेगाने जाणाऱ्या प्रायोगिक विमानांचे आकार बघून त्यांनी ते बेतलं होतं. कागद ए-फोर, १०० जीएसएम. विक्रमाला त्याहून जाड कागद चालत नाही, म्हणून त्यांनी जाडीची मर्यादा पुरेपूर वापरली. अरुंद पंख, जड कागद आणि दणकून फेक. मामा झिंदाबाद.

निंबोणी

उंटावरचे, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच्या आधी २०१२ मध्ये ६९.१४ मीटरचा विक्रम झाला होता तो जॉन कॉलिन्सच्या विमानाचा, आणि ते होतं ग्लायडर. बऱ्यापैकी पसरट पंख, वर चढून मग तरंगत तरंगत जाणारं. मजा म्हणजे कॉलिन्सने स्वतः फेकलंच नाही. त्याने जो अयूब नावाच्या माजी फुटबॉलपटूला (अमेरिकन फुटबॉल, हातात घेऊन फेकतात तो) फेकायला उभं केलं. म्हणजे घडी घालणारा वेगळा, फेकणारा वेगळा.

आंबटचुकाताई (की दादा?), तुमच्या घरातही नेमकं हेच झालंय. विमान तेच, हात बदलला.

आंबटचुका

दादा. आयडीवरून सगळ्यांचाच घोळ होतो. :)

फिरकी

यात वादच नको, हे सव्वाशे वर्षांपूर्वी ठरून गेलंय. राइट बंधूंचं १९०१ चं ग्लायडर २२ फूट विस्ताराचं (विस्तार म्हणजे पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत), पंख पुढून मागे ७ फूट. जेमतेम उडालं. मग त्यांनी घरच्या घरी एक खोकं बनवून त्यात वारा सोडून पंखांचे छोटे छोटे नमुने तपासले, आणि १९०२ चं ग्लायडर केलं ३२ फूट विस्ताराचं, पुढून मागे फक्त ५ फूट. ते मस्त चाललं. लांब आणि चिंचोळा पंख चांगला. विस्तार भागिले पुढून-मागची रुंदी, हे गुणोत्तर जितकं मोठं तितकं विमान कमी उंची गमावून लांब जातं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर कधी गेला असाल तर तिथली ग्लायडरं आठवा. पंख केवढे लांब आणि किती बारीक!

कारणही सोपं आहे. पंखाखाली दाब जास्त, वर कमी. खालची हवा टोकाला वळसा घालून वर निसटते, भोवरा तयार होतो, आणि तो भोवरा फिरवायला लागणारी ऊर्जा विमानाच्या खिशातून जाते. टोकं एकमेकांपासून लांब असली की ही गळती कमी.

म्हणून थोरलं जिंकणार. मामाची चूक.

रिटायर्ड_मास्तर

फिरकी, राइट बंधूंबद्दल सगळं बरोबर. पण ते या कागदाला जसंच्या तसं लावता येतं का? मी आज दुपारी ए-फोर घेऊन बसलो. जेवणानंतर झोपायच्या ऐवजी हे, त्यामुळे घरून बोलणी खाल्ली, ती या धाग्याच्या खात्यावर टाकतो.

आधी 'रुंदी' म्हणजे काय ते ठरवू. फिरकी म्हणतात ती पुढून मागची. मुलीने मोजलीय ती कण्यापासून टोकापर्यंतची, म्हणजे खरं तर विस्ताराची निम्मी. अर्धा वाद इथेच मिटतो.

आता भूमिती. कागदाची रुंदी २१ सेंमी, निम्मी १०.५. शेवटच्या घडीत या १०.५ ची वाटणी होते: काही पंखाला, उरलेलं खालच्या कण्याला, जिथे आपण धरतो. पंख ८.५ तर कणा २. पंख ६.५ तर कणा ४. पंख ४.५ तर कणा ६. म्हणजे मुलीने 'फक्त पंख' बदललेच नाहीत, दर वेळी कणाही बदलला.

आणि तिसरी गंमत. या विमानाची तिरकी कड नाकापासून साधारण २५ सेंमीवर जाऊन पूर्ण रुंद होते. कणा जितका खोल, तितका पंख नाकापासून मागे सुरू होतो. थोरल्याचा पंख नाकापासून ५ सेंमीवर सुरू होतो, मधल्याचा जवळजवळ १० वर, धाकट्याचा साडेचौदावर. वजन मात्र तिन्हींत पुढेच आहे, कारण कागदाचे थर नाकाशी गोळा झालेत. उचलणारा भाग मागे सरकला, वजन होतं तिथेच, म्हणजे धाकटं नाकावर जड. लेकीच्या हातचं धाकटं ३.९ मीटरवर कसं पडलं? नाक खाली घालून ना?

आता फिरकींचं गुणोत्तर. दोन्ही पंखांचं मिळून क्षेत्रफळ काढलं: थोरलं सुमारे २४९ चौ. सेंमी, मधलं १५९, धाकटं ८८. विस्तार १७, १३ आणि ९. विस्ताराचा वर्ग भागिले क्षेत्रफळ केलं तर १.१६, १.०६, ०.९२. बघा! विस्तार जवळजवळ दुप्पट झाला, पण गुणोत्तर हललं किती? नावापुरतं. कारण पंख बाहेर वाढला तसा पुढेही वाढला. ग्लायडरचं गुणोत्तर वीसच्या घरात असतं, त्यापुढे हे तिघेही एकाच माळेचे मणी.

फिरकी

मास्तर, मान्य. पण मग फरक पडतो कशाने? गुणोत्तर तेच तर अंतरही तेच यायला हवं.

रिटायर्ड_मास्तर

दोन गोष्टींनी.

एक, विस्तार. तुम्ही सांगितलेली भोवऱ्याची गळती वजन आणि वेग तेवढाच ठेवला तर विस्ताराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. गुणोत्तर सोडा, नुसता विस्तार धरा. १७ चा वर्ग २८९, ९ चा ८१. म्हणजे एकाच वेगाने जाताना धाकट्याची गळती थोरल्याच्या साडेतीन पटीहून जास्त. पण ही गळती वेग वाढला की कमी होते, वेगाच्या वर्गाने. उलट हवेचं घासणं वेग वाढला की वाढतं. सावकाश जाणाऱ्याला गळती मारते, जोरात जाणाऱ्याला घर्षण.

दोन, वजन आणि क्षेत्रफळ. ८० जीएसएमचा ए-फोर म्हणजे बरोबर ५ ग्रॅम. ते ५ ग्रॅम थोरलं २४९ चौ. सेंमीवर पेलतं, धाकटं ८८ वर. त्याच कोनात तरंगायला धाकट्याला थोरल्याच्या सुमारे १.७ पट वेग लागतो. लेकीच्या हळुवार फेकीत तो वेग मिळतच नाही. मामाच्या फेकीत मिळतो.

उंटावरचा

आणि थोरलं मामाच्या पायाशी का आलं तेही यातूनच निघतं. उचलणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. थोरल्याला जो वेग मानवतो त्याच्या दुप्पट वेगाने फेकलं तर उचल चौपट. वजन तेवढंच. मग ते वर नाही जाणार तर काय करणार? वर गेलं, वेग संपला, लोंबकळलं, पडलं. मामाच्या खांद्याचा सगळा जोर आकाशाकडे गेला, भिंतीकडे नाही.

मामाचं वकीलपत्र मी अंशतः मागे घेतोय.

पक्का_नागपुरी

आमच्या होस्टेलात याचे रीतसर सामने व्हायचे बे. तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यातून खाली ग्राउंडवर. उन्हाळ्यात पुनर्मूल्यांकनाचे फॉर्म भरपूर पडून असायचे. तिथे रुंदवालेच जिंकत. जोरात फेकणारे सगळे झाडात अडकत. एकाचं तर मेसच्या पत्र्यावर जाऊन बसलं, बाहेर नाही का भीतर नाही. हळूच सोडायचं, ढकलायचं नाही, हा नियम आम्ही कुणी न शिकवता शिकलो होतो.

निंबोणी

हे फार मोलाचं आहे. उंचावरून हळू सोडलं की सगळी ऊर्जा उंचीची. एक मीटर खाली येताना किती मीटर पुढे जातं, एवढाच हिशोब. तिथे जास्त विस्तारवालं जिंकणार.

हॉलमध्ये मात्र हाताची उंची दीड मीटर. ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकलं तर तो वेग म्हणजे आणखी सव्वा मीटर उंचीएवढी ऊर्जा. १० ने फेकलं तर जवळजवळ ५ मीटर उंचीएवढी! म्हणजे लेकीच्या फेकीत उंची आणि हात यांचा वाटा निम्मा-निम्मा असावा, मामाच्या फेकीत पाऊण वाटा हाताचा. दोघांनी एकाच विमानांवर दोन वेगळे प्रयोग केलेत. दोन्ही तक्ते खरे आहेत, फेकू नका.

कातळशिल्प

रत्नागिरीहून एक भर घालते. आमच्याकडे पावसाळ्यात कागद हाताला ओलसर लागतो. रुंद पंख असलेलं विमान केलं की दोन तासांत पंख लुळे, कानं पाडलेल्या बकरीसारखे. फेकल्यावर टोकं वर वळतात, नाहीतर लपलपतात. जितका पंख रुंद तितका कागदाला स्वतःचाच भार सोसत नाही. तेव्हा सगळी विमानं एकाच दिवशी, एकाच वेळी फेकून घ्या. सकाळचं थोरलं आणि संध्याकाळचं धाकटं यांची तुलना करू नका.

आणि पंख मागून बघितल्यावर इंग्रजी व्हीसारखे किंचित वर हवेत. सपाट किंवा खाली झुकलेले असले की विमान बाजूला कलंडतं आणि सरळ जायचं सोडून वळतं. मग तुम्ही अंतर मोजता ते कशाचं?

शेंगदाणा

इतकी चर्चा झाली आणि अजून तळपदे (राइट बंधूंच्या आधी मुंबईत विमान उडवल्याचा दावा ज्यांच्या नावे करतात ते) आले नाहीत, हा या साइटचा विक्रम आहे.

उंटावरचा

शेंगदाणा, कृपया. तो धागा चारशे प्रतिसादांवर आहे, तिकडे जा.

आंबटचुका

सगळ्यांचे आभार. लेकीला मास्तरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आधी रडवेली झाली ("म्हणजे माझं सगळं चुकलं?"), मग पट्टी घेऊन कणे मोजायला बसली. २, ४, ६. बरोबर निघाले. आणि धाकटं खरंच नाक खाली घालत होतं. ते तिने वहीत लिहूनही ठेवलं होतं, 'पटकन पडतं' असं. मीच म्हटलं होतं की हे निरीक्षण तक्त्यात बसत नाही, काढून टाक. माझी चूक.

आता प्रश्न: फक्त पंखच बदलायचे, बाकी काहीच नाही, हे करायचं कसं?

रिटायर्ड_मास्तर

कात्री.

तिन्ही विमानं थोरल्यासारखीच दुमडा, कणा २ सेंमी. मग दोघांच्या पंखांची टोकं कण्याला समांतर कापा, एकाचे ६.५ ठेवा, दुसऱ्याचे ४.५. कापलेल्या पट्ट्या फेकू नका. नाकापासून जितक्या अंतरावरून कापल्या तितक्याच अंतरावर कण्याच्या आत चिकटवा, म्हणजे वजनही तेवढंच आणि तोलही तिथेच. पंख सुरू होतो तेही तिन्हींत एकाच ठिकाणी. आता गुणोत्तरही खरोखर बदलतं: १.१६, ०.७६, ०.४६. फिरकींच्या राइट बंधूंना इथे न्याय मिळेल.

फिरकी

धन्यवाद मास्तर. :)

फेकीचंही बघा. हाताने नको. रबर लावा. खुर्ची उलटी करून दोन पायांना रबर बांधा, विमानाच्या कण्याला खालून छोटी खाच पाडा आणि तिथे सेलोटेप लावा, नाहीतर कागद फाटेल. ठरावीक खुणेपर्यंत ताणून सोडा. पण एकाच ताणावर थांबू नका. एकच ताण ठेवलात तर ज्या विमानाला तो वेग मानवतो ते जिंकणार आणि परत एकाच बाजूचा निकाल. एक हलका ताण, एक जोराचा.

कातळशिल्प

आणि प्रत्येक विमान आधी सरळ जातंय याची खात्री करा. नाक खाली घालत असेल तर पंखाची मागची कड दोन-तीन मिलिमीटर वर वळवा. वर चढून लोंबकळत असेल तर ती सपाट करा. हे न करता मोजलं तर पंखांची रुंदी मोजली जात नाही, घडी घालणाऱ्याचं नशीब मोजलं जातं.

पक्का_नागपुरी

मामाले बी बोलवा. रबर तुटला तं कामी येईल.

आंबटचुका

तर निकाल. शनिवारी सकाळी हॉल मिळाला (दुपारी डोहाळजेवण होतं, त्यामुळे अकराला बाहेर). कापलेली तीन विमानं, स्टेजच्या कडेला उलटी खुर्ची, रबर. दहा-दहा फेकी.

रबर १० सेंमी ताणून: ८.५ वालं ६.९ मीटर, ६.५ वालं ६.२, ४.५ वालं ४.४.

रबर २० सेंमी ताणून: ८.५ वालं ६.१, ६.५ वालं १०.२, ४.५ वालं ९.१.

८.५ वाल्याची मागची कड कितीही सपाट केली तरी जोराच्या ताणावर ते वर चढतच होतं, आणि सुटताना त्याचे पंख वर वाकताना डोळ्यांना दिसत होते. ४.५ वालं जोराच्या ताणावर सरळ सुटायचं पण मध्येच डावीकडे कलंडायचं. दहापैकी तीन फेकी त्याने खुर्च्यांच्या रांगेत घालवल्या. त्या तीन धरायच्या की सोडायच्या यावर पाऊण तास वाद झाला. लेकीने धरल्या. म्हणाली, तेही त्याचंच उडणं आहे.

आणि जुनी, दुमडलेली तिघंही परत काढली, कारण मामा आलाच होता. धाकट्याच्या मागच्या कडा कातळशिल्पताईंनी सांगितल्याप्रमाणे ३ मिलिमीटर वर वळवल्या. मामाने फेकलं. आधी ज्याची सरासरी ८.६ होती ते हॉलच्या टोकाच्या भिंतीवर आपटलं. हॉल चौदा मीटर आहे. परत फेकलं, परत भिंत. नाक चेपलं, सरळ केलं, तिसऱ्यांदाही भिंत.

उंटावरचा

वकीलपत्र परत दाखल करतोय.

रिटायर्ड_मास्तर

वा! म्हणजे पहिल्या दिवशी धाकटं हरलं त्यात अरुंद पंखाचा दोष थोडा आणि नाकावरच्या वजनाचा जास्त होता. मुलीला सांगा, दोन्ही दिवसांचे तक्ते शेजारी शेजारी लावायचे. पहिला खोडायचा नाही.

आणि एका वाक्याचं काय केलं?

आंबटचुका

तिने लिहिलंय ते जसंच्या तसं देतो: "हळू फेकलं तर रुंद पंखांचं विमान लांब जातं, जोरात फेकलं तर मध्यम किंवा अरुंद पंखांचं, पण त्यासाठी त्याची मागची कड वर वळवावी लागते."

बाई म्हणाल्या हे एक वाक्य नाही. ती म्हणाली, पूर्णविराम एकच आहे.

आता धाकटं किती जातं ते मोजायचं राहिलंय. हॉल पुरत नाही, मैदानावर वारा असतो. सोसायटीचं तळमजल्याचं पार्किंग तीस-पस्तीस मीटर लांब आहे आणि पहाटे तिथे वारा नसतो. सेक्रेटरींना मेसेज केलाय की मंगळवारी सकाळी सहा ते सात मधल्या रांगेतल्या गाड्या जरा बाजूला घ्यायला सांगाल का. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. मामाचा खांदा दुखतोय, त्याला बाम लावून ठेवलाय.